ख्रिस्तपुराणकर्ते फादर स्टीफन्स

इंग्लंडच्या दक्षिण भागात विल्टशायर नावाचा एक परगणा आहे. त्या परगण्यातील बुश्टन या लहानशा खेड्यात १५४९ साली एका व्यापाऱ्याच्या घरी थॉमस स्टीफन्स याचा जन्म झाला. हा मुलगा पुढे मराठीत अकरा हजारांच्या घरात ओव्या रचील आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाईल, असे भाकीत त्या वेळी कोणी केले असते तर लोकांनी त्याला वेड्यातच काढले असते. मराठी नावाची एक भाषा जगात आहे, हेच मुळी बुश्टनमध्ये कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

थॉमसचे बालपण मोठ्या धामधुमीच्या काळात गेले. त्या शतकात युरोपातील ख्रिस्ती समाजात फूट पडली होती. रोमच्या पोपची धर्मसत्ता मानणारे ते कॅथलिक आणि ती झुगारून देणारे ते प्रॉटेस्टंट, असे दोन पक्ष झाले होते; आणि राजाचा जो पंथ तोच प्रजेने पाळावा, असा दंडक ठिकठिकाणी पडत चालला होता. थॉमस नऊ वर्षांचा असताना, १५५८ साली, एलिझाबेथ राणी इंग्लंडच्या गादीवर आली. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून कॅथलिक पद्धतीची उपासना बंद केली. जे जुन्या पद्धतीला चिकटून राहिले, त्यांना दंड होऊ लागला, प्रसंगी तुरुंगवास घडू लागला. प्रार्थना करावयाची ती दारे-खिडक्या लावून, आणि घरी आलेला पाहुणा धर्मगुरू आहे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू न देता, असे दिवस आले.

अशा काळात थॉमसला एक मित्र भेटला. त्याचेही नाव थॉमसच, आडनाव पाऊंड. हा पाऊंड मोठा श्रीमंत होता आणि राणीच्या दरबारात त्याची ऊठबस असे. एकदा दरबारात नाचताना पाय घसरून तो सर्वांसमक्ष पडला आणि खुद्द राणीनेच त्याची हेटाळणी केली, तेव्हापासून त्याचे मन त्या वैभवातून उडाले, असे सांगतात. कारण काहीही असो. पाऊंडने दरबार सोडला आणि छळ सोसणाऱ्या आपल्या धर्मबांधवांना साहाय्य करण्याचे काम पत्करले. थॉमस स्टीफन्स त्याच्याबरोबर राहू लागला. सरकारी हेरांना संशय येऊ नये म्हणून तो पाऊंडचा नोकर म्हणून वावरत असे. बाहेर मालक आणि चाकर, आणि घराचे दार लावले की एकमेकांचे जिवलग मित्र, असा त्यांचा संसार सुमारे दोन वर्षे चालला.

ख्रिस्ती धर्मात पाचारण नावाची एक कल्पना आहे. देव आपला निरोप पोचविण्यासाठी माणसांना हाक मारतो, आणि ज्याला ती हाक ऐकू येते त्याने हातातले काम टाकून निघावयाचे असते, असे ख्रिस्ती लोक मानतात. मेंढरे राखणाऱ्या मोशेला ती हाक रानात आली आणि पेत्राला ती सरोवराकाठी जाळी टाकीत असताना आली, अशा कथा बायबलात आहेत. ही हाक कानांना ऐकू येतेच असे नाही. पुष्कळदा ती मनातल्या अस्वस्थतेच्या रूपाने येते. या दोघा मित्रांच्या मनाला अशीच अस्वस्थता लागली होती. त्या वेळी येशूसंघ या नावाचा धर्मगुरूंचा एक संघ युरोपात नावारूपाला आला होता. त्याच्या सभासदांना जेझुइट म्हणत. घरदार, धनसंपत्ती आणि स्वतःची इच्छा यांचा त्याग करून, संघ पाठवील त्या देशात जाऊन देवाचा निरोप सांगावयाचा, हे त्यांचे व्रत होते. स्टीफन्स आणि पाऊंड या दोघांनी रोमला जाऊन या संघात शिरावयाचे ठरविले.

जाण्याची तयारी झाली आणि नेमका त्याच वेळी पाऊंड पकडला गेला. स्टीफन्सपुढे कठीण प्रश्न उभा राहिला. मित्राला तुरुंगात टाकून निघून जावे, की मित्रासाठी मागे राहून आपल्या मनातली हाक दाबून टाकावी? तो एकटाच निघाला. हा निर्णय घेताना त्याच्या मनाला किती यातना झाल्या असतील, याची कल्पना त्याच्या पुढील वागण्यावरून येते. २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्याला रोममध्ये संघात प्रवेश मिळाला. पण तेथे गेल्यावरही तो मित्राला विसरला नाही. पाऊंडची सारी हकिगत त्याने संघाच्या वरिष्ठांपुढे मांडली आणि तुरुंगात असलेल्या त्या माणसाला तेथल्या तेथेच सभासद करून घ्यावे, अशी रदबदली केली. १५७८ साली ती मान्य झाली. पाऊंडच्या आयुष्याची सुमारे ३० वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. दोघा मित्रांची भेट मात्र पुन्हा झाली नाही.

संघात शिरलेल्या तरुणांना दूरदेशी गेलेल्या मिशनऱ्यांची पत्रे वाचावयास मिळत. त्यांत हिंदुस्थानातून आलेली पत्रे पुष्कळ असत. फ्रान्सिस झेवियर हा थोर मिशनरी १५४२ साली गोव्यास उतरला होता आणि त्याची कीर्ती युरोपभर पसरली होती. ती पत्रे वाचून आपणही हिंदुस्थानात जावे, असे स्टीफन्सला वाटू लागले. त्याने परवानगी मागितली आणि ती त्याला मिळाली.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून पाच जहाजांचा काफिला निघाला. तुताऱ्या वाजल्या, तोफांच्या फैरी झडल्या. निघताना असा थाट झाला खरा. परंतु पुढचा प्रवास किती खडतर होता, याचे सविस्तर वर्णन स्टीफन्सने आपल्या वडिलांना लिहिलेल्या पत्रात केले आहे. ते पत्र सुदैवाने आजही वाचावयास मिळते. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वारा पडला की जहाजे दिवसचे दिवस एकाच जागी डुलत राहत आणि वरून सूर्य आग ओकत असे. पाण्यात शार्क मासे जहाजाच्या मागे लागत, पाण्याबाहेर उडणारे मासे दिसत. स्टीफन्सची नजर चौकस होती. अथांग समुद्रावर पूर्व-पश्चिम अंतर मोजावयाला निश्चित खूण सापडत नाही आणि त्यामुळे खलाशी कसे अडचणीत येतात, हेही त्याने टिपून ठेवले आहे. जुलै अखेरीस जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पोचले. तेथे वाऱ्याने ते खडकांकडे ढकलत नेले आणि आता सर्व संपले असे वाटत असतानाच ते थोडक्यात वाचले. पुढे ताजे अन्न मिळेना. हिरड्या सुजून दात हलू लागणे, पाय सुजणे, अंगातले त्राण जाणे, असा रोग जहाजावर पसरला. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि त्यांतील २७ दगावली. इतर सफरींच्या मानाने ही संख्या खलाशांना थोडीच वाटली, असे स्टीफन्सने नमूद केले आहे. त्यावरून त्या काळचा समुद्रप्रवास म्हणजे काय होते, हे ध्यानात यावे. सहा महिने आणि वीस दिवसांनी, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, जहाज गोव्यास लागले. हिंदुस्थानात येऊन कायमचा राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहास स्टीफन्सची नोंद करतो. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हावयास तेव्हा आणखी २१ वर्षे अवकाश होता.

गोव्यास आल्यावर स्टीफन्सने धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली. पोर्तुगीज त्यांना पाद्री एस्तेव्हाव म्हणू लागले. त्यांची नेमणूक झाली ती झुआरी नदीच्या दक्षिणेस असलेल्या सासष्टी प्रांतात. मुंबईजवळची साष्टी ती वेगळी, ही गोव्यातली. राशोलचा किल्ला, मडगाव आणि भोवतालची गावे या मुलखातच फादर स्टीफन्स यांची पुढील चाळीस वर्षे, अगदी थोडा काळ सोडला, तर गेली.

त्या वेळी सासष्टीची स्थिती काय होती, हे येथे सांगितलेच पाहिजे. हा प्रांत १५४३ साली पोर्तुगिजांच्या ताब्यात आला होता. १५६७ च्या सुमारास पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी तेथील शेकडो देवळे पाडली. लोकांनी आपले देव रातोरात पालखीत घालून, होड्यांत बसवून, नदीपलीकडे नेले. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा ही दैवते आज फोंडे भागात मंगेशी आणि कवळे येथे आहेत, ती याच काळात तिकडे गेली. मागे राहिलेल्यांपैकी पुष्कळांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. कोणी मनापासून, कोणी नाइलाजाने. देवाचा निरोप सांगणारे आणि राज्य करणारे एकाच गलबतातून आले होते, आणि एकाच्या हातातल्या तलवारीची छाया दुसऱ्याच्या हातातल्या पुस्तकावर पडत होती. फादर स्टीफन्स यांचे काम पाहताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

१५८३ च्या जुलै महिन्यात ही धगधगती आग बाहेर पडली. देवळे गमावलेल्या कुंकळ्ळी गावात चर्चसाठी जागा पाहावयास काही जेझुइट गेले. रुडॉल्फ आक्वाव्हिवा हे त्यांचे प्रमुख होते. पूर्वी ते अकबर बादशहाच्या दरबारी राहून आले होते. संतापलेल्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. पाच जेझुइट आणि त्यांच्याबरोबरची काही माणसे मारली गेली. पुढे पोर्तुगिजांनी सूड घेतला. गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेतले आणि त्यांचा घात केला; एकजण तेवढा नदीत उडी टाकून निसटला. मारल्या गेलेल्या आपल्या सोबत्यांचे देह परत मिळवून त्यांचा अंत्यविधी करण्याच्या कामी फादर स्टीफन्स पुढे होते. ज्या माणसांबरोबर कालपर्यंत एका पंक्तीला जेवलो, त्यांचे देह उचलण्याचा तो प्रसंग. त्यानंतर याच लोकांमध्ये राहावयाचे, त्यांच्या गावांतून हिंडावयाचे आणि त्यांना प्रेमाचा निरोप सांगावयाचा, हे सोपे नव्हते. फादर स्टीफन्स सासष्टीतच राहिले.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्यांनी पॅरिसला असलेल्या आपल्या भावाला एक लॅटिन पत्र लिहिले. त्यात कुंकळ्ळीची दुःखद वार्ता तर आहेच. पण त्याबरोबर आणखीही एक मजकूर आहे. या देशातील भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानाला गोड लागतात आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी दिसते, असे त्यांनी भावाला कळविले. संस्कृत आणि युरोपातील भाषा एकाच कुळातल्या आहेत, हा शोध विद्वानांनी जगापुढे मांडला तो त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. सासष्टीतल्या या पाद्र्याला मात्र त्याची चाहूल केवळ कान देऊन ऐकल्यामुळे लागली होती.

कान देऊन ऐकणे हेच त्यांचे खरे बळ होते. बहुतेक पोर्तुगीज पाद्री दुभाष्यामार्फत बोलत. निरोप दुसऱ्याच्या तोंडून गेला म्हणजे वाटेत त्याचे काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. फादर स्टीफन्स यांनी दुभाष्याला रजा दिली. तिशी उलटून गेलेला हा विद्वान गृहस्थ गावकऱ्यांपुढे लहान मुलासारखा बसून बोलावयास शिकू लागला. घराघरांत बोलली जाणारी कोंकणी त्यांनी आत्मसात केली; नंतर पुराणांची आणि कीर्तनांची भाषा जी मराठी, ती हस्तगत केली. त्याच दिवसांत तिकडे पैठणास एकनाथ महाराज ओव्या रचीत होते. सासष्टीतही ही परंपरा नवी नव्हती. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ सालीच कृष्णचरित्र मराठी ओवीत रचावयास आरंभ केला होता.

याच सुमारास घडलेली एक लहानशी गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज कैदी गोव्याच्या तुरुंगात आणले गेले. ते हेर आहेत, असा पोर्तुगिजांना संशय होता. हे चौघे आले होते त्या इंग्लंडातून, ज्याने कॅथलिकांना जगणे कठीण केले होते आणि पाऊंडला तुरुंगात डांबले होते. फादर स्टीफन्स यांना त्यांच्याकडे पाठ फिरविता आली असती. पण त्यांनी खटपट केली, त्यांच्यासाठी जामीन मिळवून देण्यास मदत केली आणि नाताळच्या तोंडावर ते सुटले. फिचने मायदेशी परतल्यावर लिहिलेल्या प्रवासवर्णनात या उपकाराची नोंद केली आहे.

वर्षे लोटत होती. सासष्टीतल्या नव्या ख्रिस्ती कुटुंबांना धर्माचे नियम पाठ येत होते, प्रार्थना म्हणता येत होत्या; तरी त्यांच्या जीवनात काहीतरी उणे राहिले होते. पूर्वी संध्याकाळी देवळात पुराण चाले, उत्सवात रात्र रात्र कथा होत, स्त्रिया जात्यावर ओव्या गात. ते सर्व बंद झाले होते आणि त्याच्या जागी काहीच आले नव्हते. पूर्वीची पुराणे तुम्ही आम्हाला वर्ज्य केलीत, मग त्यांच्या ठिकाणी दुसरे पुराण आम्हाला का देत नाही, असा सवाल एक श्रोता पाद्र्याला करतो, असा प्रसंग फादर स्टीफन्स यांच्या ग्रंथाच्या आरंभीच आहे. हा सवाल मोठा रोकडा होता. दुसऱ्या एखाद्याने त्याला उद्धटपणा म्हटले असते. फादर स्टीफन्स यांना त्यात एक हाक ऐकू आली. तरुणपणी ज्या हाकेसाठी त्यांनी देश आणि मित्र सोडला, तीच जणू आता मराठीत आली होती.

ते ग्रंथरचनेस लागले. येशूचे चरित्र सांगावयाचे, पण ते युरोपातील भाषणाच्या थाटात नव्हे, तर पुराणाच्या थाटात. आरंभी परमेश्वराला नमन, मग श्रोता आणि वक्ता यांचा संवाद, मग कथा. छंद निवडला तो ज्ञानदेवांपासून मराठी कानांत घोळत आलेला ओवीचा. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. ग्रंथाचे दोन भाग केले. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या पूर्वीच्या संदेष्ट्यांपर्यंतच्या कथा घातल्या. दुसऱ्यात येशूचा जन्म, त्याची कृत्ये, त्याचे क्रुसावरील मरण आणि पुनरुत्थान वर्णिले. शब्दांची निवड करताना सामान्य माणसाला अडू नये म्हणून मराठीत जागोजाग कोंकणी बोलीची मिसळ केली. सगळ्या मिळून १०,९६२ ओव्या झाल्या. ज्ञानेश्वरी सुमारे ९,००० ओव्यांची आहे, यावरून या ग्रंथाचा विस्तार कळेल. ग्रंथात जुन्या उपासनेवर टीकाही आहे आणि ती कोठे कोठे कठोर आहे. हे लपविण्याचे कारण नाही. परंतु ज्या भाषेत ते ही टीका करतात, तिच्यावर त्यांचे विलक्षण प्रेम आहे. खड्यांमध्ये रत्न, फुलांमध्ये मोगरा आणि सुगंधांमध्ये कस्तुरी, तशी भाषांमध्ये मराठी, असे तिचे कौतुक त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच केले आहे. मराठीची अशी स्तुती फार थोड्या कवींनी केली असेल, आणि ही करणाऱ्या कवीची मातृभाषा इंग्रजी होती.

आता अडचण उभी राहिली ती छपाईची. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यातच आला होता. पण त्यात अक्षरे होती रोमन. मलबारात जेझुइटांनी तमिळ अक्षरांचे ठसे पाडून पुस्तके छापली होती. तसे आपल्याकडेही व्हावे, अशी फादर स्टीफन्स यांची अनेक वर्षांची इच्छा होती. १६०८ सालच्या डिसेंबरात त्यांनी रोमला संघाचे प्रमुख क्लॉडिओ आक्वाव्हिवा यांना पत्र लिहिले. कुंकळ्ळीला मारले गेलेले रुडॉल्फ हे याच आक्वाव्हिवांचे पुतणे. या देशाच्या भाषेत आणि या देशाच्या अक्षरांत पुस्तके छापली जावीत, अशी विनंती त्या पत्रात आहे आणि अडचणही प्रामाणिकपणे सांगितली आहे. युरोपात २४ अक्षरांचे ठसे पुरतात. येथे सुमारे ६०० लागतील. बाराखडी आणि जोडाक्षरे यांचा हिशेब मनाशी केला, म्हणजे हा आकडा कोठून आला ते कळते. एवढे ठसे पाडण्याची सोय झाली नाही. अखेर मराठी ओव्यांना रोमन अक्षरांचा वेश चढवावा लागला. त्यातही फादर स्टीफन्स यांनी युक्ती केली. ण किंवा ळ यांसारखे जे उच्चार रोमन लिपीत नाहीत, ते दाखविण्यासाठी न आणि ल यांची रोमन अक्षरे त्यांनी जोडीने लिहिली. धर्माधिकाऱ्यांची परवानगी मिळून १६१६ साली राशोल येथे ग्रंथ छापला गेला. त्या वेळी देहूस तुकाराम जेमतेम आठ वर्षांचे होते.

लोक त्या ग्रंथाला ख्रिस्तपुराण म्हणू लागले. रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये प्रार्थना आटोपली की त्याचे वाचन होई. उपवासाच्या दिवसांत घरोघरी माणसे जमून त्याच्या ओव्या गात. येशूच्या मरणाच्या कथेला पोचले की श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येई. जे काम हुकमांना साधले नव्हते, ते ओवीने केले.

ग्रंथ छापून तीन वर्षे झाली आणि १६१९ साली फादर स्टीफन्स गोव्यातच वारले. त्यांचे वय तेव्हा ७० वर्षांचे होते. इंग्लंड सोडल्यानंतर ते मायदेशी कधीच परतले नाहीत. त्यांनी मुलांसाठी कोंकणीत लिहिलेली प्रश्नोत्तरी १६२२ साली छापून निघाली आणि कोंकणीचे व्याकरण १६४० साली. हिंदी भाषांपैकी एकीचे छापील व्याकरण त्या वेळेपर्यंत कोणी पाहिलेच नव्हते.

ख्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर वारे फिरले. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले की, लोकांनी देशी भाषा टाकून द्यावी आणि तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलावयास शिकावे. ज्या भाषेसाठी एका पाद्र्याने आयुष्य वेचले, तीच आता अपराध ठरली. छापखान्यातून मराठी ग्रंथ निघणे थांबले. पूर्वीच्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. पण ज्यांना ओव्या पाठ होत्या, ते त्या विसरले नाहीत. ज्यांना लिहिता येत होते, त्यांनी हाताने नकला केल्या. गोव्यातून कानडी मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या नकला आपल्या सामानात बांधून नेल्या. बापाने लेकाला, लेकाने नातवाला द्यावी, अशी ती पोथी पिढ्यान् पिढ्या जपली गेली. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ख्रिस्तपुराण पुन्हा छापले. तेही रोमन लिपीतच होते. लंडनमध्ये विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात या पुराणाची एक बाळबोध लिपीतली हस्तलिखित प्रत आहे, हे पुढे अभ्यासकांच्या दृष्टीस पडले.

१९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यास ख्रिस्तपुराण देवनागरीत प्रसिद्ध केले. आरंभीचे परमेश्वराला केलेले नमन, मोगऱ्याची आणि कस्तुरीची उपमा, श्रोत्याचा तो रोकडा सवाल, हे सर्व त्यात मराठी अक्षरांत आहे. फादर स्टीफन्स यांनी रोमला पत्र पाठवून या अक्षरांची मागणी केली होती, त्या गोष्टीला तेव्हा ३४८ वर्षे झाली होती.